नोंदणीचा शेवटचा खजूर

साखर पेठेतल्या छापखान्यात एकतीस वर्षं
मी चुका वेचल्या,
लग्नपत्रिकांतल्या, श्रद्धांजलीतल्या, चादरींच्या लेबलांवरच्या.
रिटायर झालो. चष्मा पेटीत ठेवला.
तेवढ्यात शेजारच्या चिट्यालांचा अंबादास
मोबाइल पुढे धरून उभा:
"काका, आमच्या टेक फेस्टची वेबसाइट. मीच केलो.
जरा नजर मारा की."

मारली.
नजर लंगडत परत आली.

वर मोठ्या अक्षरांत 'तंत्रतांडव',
खाली लहान अक्षरांत 'तंत्रतंडव',
आणि 'आमच्याविषयी' दाबलं की
'येथे आपला मजकूर लिहा'.
म्हटलं, एवढं तरी खरं बोललाय.

इंग्रजी मजकूर त्याने रात्री दोनला
मशीनच्या घशात ओतला होता,
मशीनने जे ओकलं ते सकाळी चढवलं.
म्हणून रोबोंची रेस झाली 'यंत्रमानव वंश',
फी दोनशे, जात विचारलेली नाही, नशीब.
कोडमधला बग शोधायचा, ती 'ढेकूण शिकार',
साहित्य स्वतःचे आणावे.
'कार्यक्रमाचे डोके : कु. शिवलीला हत्तुरे',
आणि फोटो बरोब्बर मानेशी कापलेला.
प्राचार्य बिराजदार सर 'खुर्ची व्यक्ती'.
ते कुणी बदलू नये असं मला वाटलं.

आणि लाल, ठळक, लुकलुकत:
'नोंदणीचा शेवटचा खजूर २१ फेब्रुवारी'.

उलटी मोजणी लावलेली, ती सुलटी चाललेली.
दर सेकंदाला महोत्सव
एक सेकंद लांब जात होता,
आमच्या नळाच्या पाण्यासारखा.
'पत्ता' दाबला तर नकाशातली टाचणी
कंबर तलावाच्या मधोमध.
"अंबादास, पोरं बुडतील."
"नाही काका, झूम करा, काठावर हाय."

सवयीने मी लाल पेन काढलं
आणि काचेवरच रेघ मारली.
त्याने ती बाहीने पुसली. चूक तशीच.
मग कॅलेंडरच्या पाठीवर यादी केली, सत्तेचाळीस.
"होय की काका, आज रात्रीच करतो,"
म्हणत त्याने ती पँटच्या खिशात घातली.
पँट दुसऱ्या दिवशी दोरीवर वाळत होती.

फेस्टला गेलो. तोबा गर्दी.
वेबसाइट एकानेही वाचलेली नव्हती.
म्हणजे एकाने वाचली होती.
मैंदर्गीहून आलेला एक काटकुळा पोरगा
टेबलावर पाव किलो खजूर ठेवून म्हणाला,
"यातला शेवटचा कुठला, ते तुम्हीच ठरवा."
डोक्याने, म्हणजे शिवलीलाने,
एक तोंडात टाकला आणि पावती फाडली.

अंबादासच्या रोबोच्या पोटात
मागावरचा तुटका धोटा होता.
बाप हाफ शिफ्ट टाकून बघायला आलेला.
रोबो चार फूट सरळ गेला,
मग इमानदारीत मागे फिरला,
परत पुढे, परत मागे.
परीक्षक वैतागले.
म्हातारा चिट्याल एकटाच टाळ्या वाजवत होता:
"बरोबर चाललाय की! असंच चालतंय ते!"

आता माझं सांगतो, लपवून काय करू.
अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात, चव्वेचाळीस अंशांत,
एका पत्रिकेवर 'शुभविवाद' छापून गेलं.
सहाशे प्रती. तपासले म्हणून माझी सही.
ते जोडपं अजून सात रस्त्याला दिसतं,
भाजीच्या पिशवीवरून भांडत,
आणि मला बघून दोघं एकदम हसतात.

फेस्ट संपून महिना झाला.
वेबसाइट आहे, मोजणीही चालू आहे.
काल उघडली, तर अंबादासने माझं एक ऐकलंय.
'तंत्रतंडव'ला हवा होता तो काना
त्याने दिलाय.
तंत्राला.

'तंत्रातंडव'.

पेटी कुठे ठेवली बरं चष्म्याची.